मोजून केलेला हॅम

३ मार्च, मंगळवार

"मोजून चव येत नसते गं, चाखून येते." लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात हे मला म्हणाले होते. मी शाळेच्या प्रयोगशाळेत काम करणारी. सवयीने चमचा सपाट करून सूपमध्ये मीठ घालत होते. ह्यांनी तो चमचा हातातून काढून घेतला, चिमटीनं मीठ टाकलं, बोट बुडवून जिभेच्या डाव्या कडेला लावलं आणि डोळे मिटले. "मीठ इथं कळतं," म्हणाले.

त्याला बावीस वर्षं झाली. आज डॉक्टरीणबाईंनी त्याच डाव्या कडेवर टॉर्च धरला आणि बराच वेळ काढला नाही.

"निम्म्याच्या आसपास जीभ काढावी लागेल," त्या म्हणाल्या. "हाताची कातडी घेऊन तिथं शिवू. बोलता येईल, जरा बोबडं. गिळताही येईल, सरावानं."

"आणि चव?" ह्यांनी विचारलं.

"नंतर किरणांचा शेक द्यावा लागेल. त्यात उरलेली बहुतेक जाईल. काही जणांची परत येते."

"नाहीच केलं हे सगळं तर?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तर पुढच्या मार्चमध्ये तुम्ही या खुर्चीत नसाल."

हे हसले. "जिवावरचं शेपटावर निभावलं म्हणतात. माझं जिभेवर निभावायला बघताय तुम्ही." बाई हसल्या नाहीत. सव्वीस तारीख, गुरुवार, असं त्यांनी एका कागदावर लिहून माझ्या हातात दिलं. माझ्या, ह्यांच्या नाही.

बसमध्ये हे खिडकीकडे बसले. बाहेर बघतच म्हणाले, "चव न कळणारा हॅमवाला पाहिलायस का कुठं? आंधळ्यानं घड्याळं दुरुस्त करावीत तसं."

पण घरी पोचेपर्यंत माझं ठरलं होतं.

४ मार्च, बुधवार

शाळेत, मधल्या सुट्टीत लिहिते आहे. काल जे ठरवलं ते कागदावर उतरवून बघते, म्हणजे त्यात किती वेडेपणा आहे ते कळेल.

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दुकान आहे. हे डुकराची मांडी खाऱ्या पाण्यात आठवडाभर मुरवतात आणि रविवारी मागच्या अंगणात, पिंप उभं कापून केलेल्या ग्रिलवर भाजतात. वरून साखर, मोहरी आणि संत्र्याच्या रसाचा लेप. बारा वाजेपर्यंत रांग लागते, दीडपर्यंत हाड उरतं. ह्या सगळ्यात कागदावर लिहिलेलं असं एकही माप नाही. सगळं ह्यांच्या जिभेवर.

जीभ गेली की दुकान गेलं आणि दुकान गेलं की जगून काय करायचं, असा ह्यांचा हिशेब आहे. तर मग मी दाखवून देते, की हॅम जिभेशिवायही होतो. तराजू आहे, तापमापक आहे, घड्याळ आहे. बावीस वर्षं मी मुलांना हेच शिकवायला मदत करते आहे, की मोजलेली गोष्ट परत करता येते. एकदा का मी तसाच हॅम करून ह्यांच्यापुढे ठेवला, की नाही म्हणायला ह्यांच्याकडे काय उरतं?

लिहून झालं. वेडेपणा दिसत नाही. सरळ दिसतंय सगळं.

५ मार्च, गुरुवार

"मला शिकवा," म्हटलं.

"तुला?" हे खुर्चीत मागे रेलले. "तू मिठाला आधी अर्ज करायला सांगशील."

पण खूश झाले. मी तराजू आणला तो बघून तर फारच. पाच लिटर पाण्यात मूठभर मीठ, मग चाखणं, मग अर्धी मूठ, मग चिमूट. मी आधी मिठाची पिशवी तोलायची, नंतर तोलायची. तीनदा करायला लावलं. तीनशे चाळीस ग्रॅम. तीनशे पंचेचाळीस. तीनशे अडतीस.

मी आकडे बघत बसले. डोळे मिटून काम करणारा माणूस आणि चार-पाच ग्रॅमांपलीकडे चूक नाही. प्रयोगशाळेत असं काही घडलं असतं तर मी सगळ्या वर्गाला बोलावून दाखवलं असतं. इथं कुणाला दाखवू?

दुपारी पहिली मांडी टबात घातली. हाडाजवळ सुईनं खारं पाणी टोचायचं असतं. तिथपर्यंत मीठ आपलं आपण पोचत नाही आणि मांस आतून कुजतं. "वरून लालबुंद आणि आत घाण," हे म्हणाले. "माणसासारखंच." मग गालाला हात लावून बसले. दुखत असावं.

९ मार्च, सोमवार

ह्यांचं फक्त थंड दूध. दोन दिवस.

लेकीचा फोन. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असते, रोज एकदा फोन करते.

"आई, बाबांशी बोललीस का नीट?"

"हॅम शिकतेय त्यांच्याकडून."

"आई! मी ऑपरेशनबद्दल विचारतेय."

"मीही त्याचबद्दल सांगतेय," मी म्हटलं. तिला पटलं नाही. तिनं फोन ठेवताना इतका मोठा श्वास सोडला की मी फोन कानापासून लांब धरला.

१४ मार्च, शनिवार

नासला. सगळा नासला.

शाळा अर्धा दिवस होती. अकराला ग्रिल पेटवलं. ह्यांनी सांगितलं होतं की निखारे एका बाजूला, मांडी दुसऱ्या बाजूला, खाली पाण्याचं भांडं आणि झाकणाची भोकं अर्धी उघडी. ते सगळं मी केलं. चरबीवर तिरप्या चिरा पाडल्या, प्रत्येक चौकटीत एक लवंग टोचली. पट्टी घेऊन, दोन-दोन सेंटिमीटरवर. हे पायरीवर बसून बघत होते. "लवंगांची शाळा भरलीय," म्हणाले.

पण लेप मी सुरुवातीलाच लावला. मला वाटलं, जितका वेळ राहील तितका आत मुरेल. एक वाजता झाकण उघडलं तर साखर जळून काळी. चरबी निखाऱ्यावर टपकली, जाळ उसळला, मी झाकण टाकायच्या ऐवजी पाणी ओतलं. राखेचा लोट सगळ्या मांडीवर बसला. शेजारचे पाववाले भिंतीवरून डोकावले. "वहिनी, कोळसा आमच्याकडे पण मिळतो हो, त्यासाठी मांडी कशाला जाळायची?"

हे हसले. इतके हसले की गाल धरून खाली बसले. मग उठले. दहा दिवसांत ह्यांना असं उठताना पाहिलं नव्हतं. बाह्या वर केल्या, काळं साल सुरीनं एका फटक्यात सोललं, आतला एक पातळ तुकडा उजव्या बाजूनं चावला. "आतून चांगलाय. घाई केलीस. साखर शेवटच्या वीस मिनिटांत. साखरेला धीर नसतो, मांसाला असतो. दोघांची गाठ उशिरा घालायची." मग जाळ उठला तर भोकं कशी बंद करायची, झाकण किती वेळ दाबायचं, हे सगळं हातवारे करून सांगितलं. मला जागेवरून ढकलून स्वतः दाखवलं.

दुपारी वाटीभर मऊ शिजवलेला बटाटा खाल्ला. वर विचारलं, "गुरुवारी किती वाजता जायचं असतं गं तिथं? सव्वीसला?"

"आठला भरती," मी म्हटलं.

"हं. बघू."

मला मात्र इतकी लाज वाटत होती, की मी त्या 'बघू'कडे नीट लक्षही दिलं नाही. माझ्या फजितीचा ह्यांना इतका आनंद व्हावा! बावीस वर्षं बरोबर राहून माणूस शेवटी 'तुला नाही जमणार' हेच सिद्ध झाल्याचा आनंद करतो. वाईट वाटलं. पण हरकत नाही. पुढच्या वेळी चूक होणार नाही. चुका मी क्रमांक घालून लिहून ठेवल्या आहेत.

१५ मार्च, रविवार

दुसऱ्या मांडीचं खारं पाणी आज हे स्वतः करायला बसले. "तू बस. काल बिचारीला जाळलीस, आज आराम कर."

मूठ टाकली, चाखलं. मूठ टाकली, चाखलं. चिमूट. पुन्हा चाखलं. कपाळाला आठी. अजून एक चिमूट. मी सवयीने पिशवी तोलली होती.

चारशे दहा.

मी पुन्हा तोलली. चारशे दहाच.

"बरोबर आहे का?" ह्यांनी मला विचारलं. ह्यांनी मला मिठाबद्दल कधी काही विचारलं नव्हतं.

"बरोबर," मी म्हटलं.

हे दुकानात गेल्यावर मी लिटरभर पाणी मोजून टबात घातलं. हिशेब सोपा होता, तीनशे चाळीसला पाच तर चारशे दहाला सहा. उत्तर पहिल्याच फटक्यात बरोबर आलं, ह्याचाच मला राग आला.

१६ मार्च, सोमवार

सकाळी हे टबाजवळ उभे होते.

"पाणी वर आलंय का गं?"

"मांस पाणी सोडतं ना," मी म्हटलं.

"हं," म्हणाले आणि झाकण लावलं.

बरं झालं, पुढे काही विचारलं नाही.

१९ मार्च, गुरुवार

आज हे गप्प आहेत. दुखत असणार. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या दिल्या. रविवारी ग्रिलपाशी यायला सांगितलं तर म्हणाले, "तुला सगळं येतं की."

बरोबर आठवडा राहिला.

२१ मार्च, शनिवार

लेक आली. तिनं ह्यांना मिठी मारली तर ह्यांनी तोंड बाजूला वळवलं. तोंडाला वास येतो असं ह्यांना वाटतं. येतो थोडा. तिला मी सांगितलं की उद्या बघ, उद्यानंतर बाबांकडे काही निमित्त उरणार नाही. म्हणाली, "आई, तू ह्यातून नक्की काय करतेयस?" मी म्हटलं, "जे कुणालाच करता आलं नाही ते." आता वाचताना फुशारकी वाटते आहे.

२२ मार्च, रविवार

झाला. झाला. झाला!

सात वाजता मांडी ग्रिलवर. दर अर्ध्या तासाला निखाऱ्यांची भर, झाकणातलं तापमान दीडशेच्या आसपास. हाडाजवळ तापमापक पासष्टवर आला तेव्हा लेप लावला, एक हात. दहा मिनिटांनी दुसरा. अडुसष्टवर उतरवला. एकदा जाळ उठला, मी भोकं बंद करून झाकण दाबलं आणि मनात वीसपर्यंत आकडे मोजले. झाकण काढलं तर मांडी वार्निश केलेल्या जुन्या मेजासारखी लकाकत होती.

रांगेतल्या एका आजींनी काउंटरवरच तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "आज हात बसलाय मालकांचा!" लेक म्हणाली, "आईनं केलाय." मग तर सगळी रांग टाळ्या वाजवायला लागली. पाववाले आले, तीन तुकडे खाल्ले, बोटं चाटली. "दादा, आता तुम्ही आरामखुर्ची घ्या! वहिनींनी गादी सांभाळली. तुमची काही गरजच ठेवली नाही बघा त्यांनी." सगळे हसले. हेही हसले.

मी एक पातळ काप ह्यांच्यासाठी वेगळा ठेवला होता. सगळे गेल्यावर दिला. ह्यांनी आधी खाल्ला नाही. हाडाजवळ सळई घातली, काढली, नाकाशी धरली. कापलेल्या जागी अंगठा दाबला. रंग हाडापर्यंत एकसारखा गुलाबी होता. मग एवढासा तुकडा उजव्या गालात ठेवला, खूप वेळ ठेवला आणि पाण्याबरोबर गिळला.

"जमलं तुला," म्हणाले. "आता माझ्यावाचून काही अडत नाही."

बावीस वर्षांत ह्यांच्याकडून मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आनंदानं रडले. लेक मागून आली आणि तीही रडायला लागली, पण तिचा चेहरा वेगळा होता. म्हटलं, थकली असेल.

२३ मार्च, सोमवार

हे सकाळपासून कामात आहेत. सुऱ्यांना धार लावली. सगळ्यात लांब सुरी माझ्या हातात देऊन मनगट कसं ठेवायचं ते दाखवलं. मांस पुरवणाऱ्याचा नंबर दुकानातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिला. कोळसेवाला कोणत्या वारी येतो, कोणत्या गोणीत ओला कोळसा खाली दडवून देतो, सगळं सांगितलं. मी लिहून घेतलं.

दवाखान्याची तयारीच म्हणायची ही. मी ह्यांचे दोन मऊ शर्ट पिशवीत भरून ठेवले. बटणांचे, म्हणजे डोक्यावरून घालायला लागणार नाहीत.

२४ मार्च, मंगळवार

दवाखान्यातून फोन आला, लेकीनं घेतला. ह्यांनी कालच कळवलंय. गुरुवारी येणार नाही, जागा दुसऱ्याला द्या म्हणून.

हे अंगणात होते, ग्रिलमधली राख काढत होते. मी जाऊन उभी राहिले.

"का?"

"दुकान चालतंय ना? तेच म्हणत होतीस तू. चालतंय."

"अहो, मी ते तुम्ही जावं म्हणून केलं!"

"माहितीय." ह्यांनी राख बादलीत ओतली, हळू, उडू नये म्हणून. "चारशे दहा होतं ना?"

मी बादलीची कडी धरली.

"पिशवी मीही तीस वर्षं उचलतोय गं. हाताला कळत नाही होय? आणि मांडी कधी एवढं पाणी सोडते का? तू पाणी घातलंस. बरं केलंस. नाहीतर लोक थुंकले असते माझ्या दारात."

"एकदाच चुकलं."

"नाही. मला खारट लागतच नव्हतं. अजूनही लागत नाही. रविवारी लागला का तुझा हॅम, विचार." मी विचारलं नाही. तरी हे म्हणाले, "ओला पुठ्ठा. चांगल्या रंगाचा ओला पुठ्ठा."

लेक दारात उभी होती. "बाबा, मग जायचीच आहे चव, तर ऑपरेशन करून जाऊ दे ना! माणूस तरी राहील!"

"कोणता माणूस?" ह्यांनी विचारलं. खरंच विचारलं, उत्तर माहीत नसल्यासारखं. आणि लेक माझ्याकडे बघायला लागली.

चौदा तारखेचं पान काढून वाचलं. 'बघू' म्हणाले होते. काळा जळका हॅम हातात घेऊन, हसत, बाह्या वर करून, 'बघू'. आणि मी चुकांना क्रमांक घालत बसले होते.

२५ मार्च, बुधवार

शाळेत गेले नाही. लेकीनं डॉक्टरीणबाईंशी पुन्हा बोलणं केलं. त्या म्हणाल्या, उद्या आठपर्यंत खाट धरून ठेवते, त्यापुढे नाही. तोंडात गाठ एका महिन्यात किती वाढते हेही त्यांनी सांगितलं. मिलिमीटरमध्ये. मला आयुष्यात पहिल्यांदा एखादं माप ऐकायचं नव्हतं.

सकाळी मनात आलं, तिसरी मांडी मुद्दाम बिघडवावी. लेप आधी लावावा, जाळ उठू द्यावा, ह्यांना हाक मारावी. मग म्हटलं, आता हे पायरीवरूनच सांगतील की मुद्दाम केलंस. माझी चूक माझ्यापेक्षा ह्यांना जास्त ओळखता येते. रविवारपर्यंत मला खरोखरच जमत नव्हतं, ते आता कुठून आणू? शिकलेलं विसरायची काही रीत असती तर मी आज विसरले असते.

पाववाले पाव घेऊन आले. हे कुठं आहेत म्हणाले. आडवे आहेत म्हटलं. रविवारी आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या लक्षातही नाही, आणि माझ्यापेक्षा जास्त चुकलं असं मी त्यांना कुठल्या तोंडानं म्हणू?

दुपारी ह्यांना दूध नेऊन दिलं. अर्धं प्यायले. मी समोर बसून कालचा पाव खाल्ला. हे माझ्याकडे बघत होते, मी कसं चावते, कसं गिळते. "चव आहे का?" विचारलं. मी म्हटलं, आहे. तेवढ्यावर हे डोळे मिटून पडले, समाधान झाल्यासारखे. मी उठलेच नाही. दारातून दुकानाच्या भिंतीवर तो मांसवाल्याचा नंबर दिसत होता, मोठ्या अक्षरात, चष्म्याशिवाय वाचता येईल असा. माझ्यासाठी लिहिलेला.

दुकानासाठी जगा असं मी सांगितलं. लेकीसाठी जगा असं लेकीनं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी आकडे सांगितले. सगळ्यांना काही ना काही उत्तर देऊन झालं ह्यांचं. एक मात्र कुणी मागितलं नाही, मीही नाही. बावीस वर्षांत मी ह्यांच्याकडे माझ्यासाठी म्हणून काही मागितल्याचं मला आठवत नाही. मागायची वेळच हे येऊ देत नसत.

आता हे जागे झालेत, कुशीवर वळल्याचा आवाज आला. मी आत जाणार आहे. शब्द इथं लिहून घेते, कारण तिथं गेल्यावर माझी जीभ चालणार नाही.

अहो, हॅम करू नका. चाखू नका. दुकानात पाऊलही टाकू नका. बोबडं बोला, नाहीतर बोलूच नका. मी कच्चं वाढलं काय आणि जाळून वाढलं काय, तुम्हाला कळायचं नाही, तरी मी रोज वाढीन आणि तुम्ही रोज खोटं 'छान' म्हणा, नुसती मान हलवून. तुमचं ह्यात काहीच नाही, मला ठाऊक आहे. हे सगळं माझ्या एकटीच्या फायद्याचं आहे. तुम्ही नाहीच म्हणणार आहात. तरी विचारते.

उद्या सकाळी सातच्या बसमध्ये बसाल माझ्याशेजारी?